ताजबीनं चुडा भरला न्हाय

मी चिमणाबाई, कबनूरची. ताजबी मणेरणीचं कुणी कौतुक करायला लागलं की माझं डोकंच फिरतं. आता समद्यास्नी ती देवमाणूस वाटती. त्या वक्ताला ह्याच तोंडांनी तिला शिव्या घातल्या, मी माझ्या कानांनी ऐकल्यात.

साल बहात्तर. मी बावीस वर्षांची, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जात हुते. तिथल्या जॉबरनं, माग दुरुस्त करणाऱ्या गुंडूनं, दुपारच्या सुट्टीत सुताच्या खोलीला कडी लावून माझ्यावर जबरदस्ती केली. मी हे असंच सरळ सांगते. लाज त्यानं बाळगावी, मी का बाळगू?

घरी सांगितलं तर बाप म्हणाला, "त्या खोलीत गेलीसच कशाला?" सूत तिथं असतंय म्हणून गेलते, दुसरं काय! मग गल्लीतले शहाणे बसले. दोन दिवस च्या ढोसून अक्कल काय काढली, तर गुंडूशीच माझं लगीन लावायचं. गल्लीची अब्रू झाकली की झालं. आई चुलीपुढं भाकरी थापत ऱ्हायली. तिचाबी मला राग आला, अजून येतो.

लगीन म्हटल्यावर हिरवा चुडा आला, म्हणून ताजबीला बोलावलं. चाळिशीची विधवा बाई, डोक्यावर बांगड्यांची पेटी, तोंडानं फटकळ. तिची रीत अशी, की आधी हात हातात घ्यायचा, दाबून दाबून मऊ करायचा, मगच बांगडी चढवायची. तिनं हात धरला आणि मनगटावरचे वळ बघितले. मी हात वढून घेतला.

"बांगड्या भरताना बाप्यांचं काय काम? व्हा भाईर," म्हणत तिनं उंबऱ्यातली माणसं हाकलली. दार नुसतं लोटलं, कडी लावली न्हाय. माझी नजर कडीवर गेलेली तिनं बघितली असणार.

"चिमणे, तुला ह्यो चुडा भरायचा हाय का?"

आठ दिवसांत मला काय पायजे ते कुणी विचारलंच नव्हतं. मी न्हाय म्हटलं आणि हंबरडा फोडला. तिनं गप बस म्हटलं न्हाय. पोटभर रडू दिलं, मग आईला म्हणाली, "हिला आधी जेवाय घाल."

पेटी बांधून ती भाईर आली. "मी चुडा भरणार न्हाय. आणि पेठ वडगावपातूर एकबी मणेर बांगड्या घिऊन ह्या दारात येत न्हाय, बघा."

शहाण्यांतला म्होरक्या पिराजी वरडला, "पोरगी आमची हाय, तू कोण मधी नाक खुपसणारी?"

"तुमची हाय तर त्याच्याच घरात घालाय का निघालाय?" ताजबी म्हणाली.

चुड्याबिगर लगीन न्हाय ही रीत त्यांचीच. तिच्यातच अडकले. लगीन मोडलं आणि गल्लीनं वर्षभर ताजबीला दारात उभं केलं न्हाय. धंदा बुडाला तरी ती माझ्याबरोबर इचलकरंजीच्या चौकीवर येत राहिली. तीन खेपा परत लावलं, चौथ्या खेपेला तक्रार लिहून घेतली.

कोर्टात गुंडू सुटला. कारखान्यातलं एकबी माणूस साक्षीला आलं न्हाय, सगळे षंढ. भाईर आल्यावर मी म्हटलं, "हरलो की मावशी."

"हरलो की," ती म्हणाली. रागानं तिचं तोंड लाल झालतं. "आता कुणाच्या घरी जाणार तू?"

"आमच्या."

"गुंडूच्या न्हाय न्हवं? मग चल, एस्टी जाईल."