धारूरच्या घाटात चारशे लिटर

तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला डिझेलचा अंदाज शिकवू नये, असं मी ऐटीत म्हणायचो. निवृत्तीनंतर जुना टेम्पो घेतला, त्यात पलंग, शेगडी, पाण्याची टाकी बसवली आणि चाकांवरचं घर केलं. गेल्या साली त्याच घरातून आम्ही नवरा-बायको माजलगावहून अंबाजोगाईला निघालो. अकरा वाजता बायकोच्या थोरल्या बहिणीचं मोठं ऑपरेशन होतं. आई गेल्यावर अक्कानंच हिला वाढवलं. आत न्यायच्या आधी हिला तिचं तोंड बघायचं होतं.

तेलगावला मी गाडी धारूरकडं वळवली.

"अवो, परळीकडनं चढ कमी हाय म्हणत होता ना?"

"लांब पडतंय. उगं डिझेल कावून जाळायचं?"

घाट लागला तशी गाडी कण्हायला लागली. पहिल्या गिअरवर आली तरी ओढेना. डिझेलचा काटा लालमध्ये टेकलेला. डिझेल संपून इंजिननं हवा धरली की गाडी इथंच बसणार, अन् मागं सरळ उतार.

"टाकीत पाणी किती हाय?"

"गच्च हाय. दवाखान्यातनं सुटली की अक्का चार दिवस आपल्यात ऱ्हाईल. अन् आठ दिवसांनी नळ आलता, सोडते व्हय?"

चारशे लिटर! म्हणजे पाच-सहा माणसं जास्तीची घेऊन मी घाट चढत होतो.

"अक्कल गहाण टाकलीस का गं?" नाही नाही ते बोललो. सपाटीचा अंदाज चढाला मीच लावला होता, पण कबूल करायला जीभ रेटेना.

जरा रुंद जागा बघून मी गाडी थांबवली, चाकाला दगड लावला. टाकीची खालची तोटी तिनंच उघडली. जन्मभर डोक्यावर हंडे वाहिलेली बाई. पाणी उतारानं पळायला लागलं तशी तोंड फिरवून उभी राहिली. मला माझीच लाज वाटली.

टाकी रिकामी झाली तशी गाडी चढली. दवाखान्यात पोचलो तेव्हा अक्काला स्ट्रेचरवर घेतलं होतं. रात्रीपासून उपाशी, ओठ सुकलेले.

"गाडीत पाणी हाय का गं?"

"हाय अक्का. टाकी गच्च भरून आणलीया तुझ्यासाठी. तू बाहेर ये, मग पोटभर पी."

अक्काला आत नेलं, दार लागलं. बायको माझ्याकडं बघेना. मी गाडीतली कळशी उचलली आणि दवाखान्याच्या नळावर रांगेत जाऊन उभा राहिलो.