टाकीतला ससा आणि माझं शिलाई मशीन

विरार पूर्वेला चंदनसारमध्ये आम्ही फ्लॅट घेतला, तेव्हा त्यात एकच खिडकी अशी होती जिच्यातून दुपारभर चांगला उजेड यायचा. घर बघायला गेलो त्याच दिवशी मी मनातल्या मनात तिथं माझं शिलाई मशीन मांडून टाकलं. ब्लाउज शिवायचे, पुढेमागे दोन-तीन मुली आल्या तर त्यांना शिकवायचं, असं सगळं ठरलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. नवऱ्याने तिथं समुद्र मांडला.

समुद्र म्हणजे काचेची भलीमोठी टाकी. ऑफिसातल्या कुणाच्या तरी घरी त्याने खाऱ्या पाण्यातले रंगीत मासे पाहिले आणि त्याची झोपच उडाली. आमच्या बिल्डिंगला तेव्हा टँकरने पाणी यायचं. टँकर आला की आम्ही बायका बादल्या घेऊन जिन्यात उभ्या, आणि हा गृहस्थ रविवारी सकाळी स्कूटरला दोन कॅन बांधून पाचूबंदरला निघालेला, समुद्राचं पाणी आणायला. पिंपात खडखडाट आणि हॉलमध्ये भरती! त्यात टाकीतलं पाणी आटलं की वरून गोडं पाणी घालावं लागतं, हे मला टाकी आल्यावर कळलं. ते अर्थातच माझ्या पिंपातून जायचं. शेजारीण विचारायची, "खायचे मासे आहेत का हो?" मी म्हणायचे, "छे, यांनाच आम्ही खायला घालतो."

मशीन बेडरूममध्ये, कपाट आणि पलंगाच्या सांदीत गेलं. तिथं भर दुपारी ट्यूब लावावी लागे, आणि लोडशेडिंग असलं की तीही नाही. लाइट गेल्यावर घरात एकच वस्तू चालू असायची, माशांना हवा देणारा बॅटरीचा पंप. मी पुठ्ठ्याने वारा घेत त्याची घरघर ऐकत बसायचे.

मग टाकीत शेवाळ आलं. आधी दगडांवर हिरवी लव, मग चांगल्या लांबसडक जटा. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे दोन जोकर मासे आणि मऊ प्रवाळाचा कौतुकाचा गोळा त्यात दिसेनासे झाले. नवरा सकाळी टूथब्रशने दगड घासून कामावर जायचा आणि दोन दिवसांत पुन्हा होतं तसं व्हायचं. मला तर आतून गुदगुल्या होत होत्या. मी जाहीर केलं, "गणपतीपर्यंत हे साफ झालं नाही, तर टाकी जाणार आणि माझं मशीन इथं येणार."

"कबूल," तो म्हणाला. इतक्या चटकन कबूल झाला तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पुढच्याच शनिवारी तो मुंबईहून फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत एक जनावर घेऊन आला. "समुद्री ससा," त्याने सांगितलं. "फक्त शेवाळ खातो." मला पिशवीत भिजलेलं पोतेरं दिसलं. नीट बघितल्यावर त्याच्या डोक्यावर दोन कान उभे राहिले, ससेपणा काय तो तेवढाच. बाकी ती बिनशंखाची गोगलगायच होती. घाबरला की हा जांभळा रंग सोडतो, पाणी खेचून फिरवणाऱ्या पंपाच्या तोंडात ओढला गेला तर सगळी टाकी नासेल, अशी माहिती देऊन नवरा माझ्याकडे बघत म्हणाला, "अगं, तुझ्याकडे मच्छरदाणीचा तुकडा असेल ना?"

म्हणजे माझ्याच मुळावर आलेल्या प्राण्यासाठी, माझ्याच मशीनवर, मीच पंपाला इलॅस्टिकचं टोपडं शिवायचं. शिवलं. कितीतरी दिवसांत मशीनला हात लागला नव्हता, त्यामुळे टीपही सुरेख पडली.

ससा खात सुटला. दगडावर तोंड टेकवायचा आणि मान हलवत हलवत पुढे सरकायचा, मागे स्वच्छ पट्टा राहायचा. तो हरावा म्हणून मी देवाला सांगून ठेवलं होतं, आणि रोज दुपारी निवडायची भाजी घेऊन त्याच्याचसमोर बसत होते. गणपती आले तोवर टाकी लखलखीत झाली. आलेला प्रत्येक पाहुणा आधी टाकीपुढे थांबायचा, मग गणपतीपुढे. "काय स्वच्छ ठेवलीय हो तुम्ही!" असं ते नवऱ्याला म्हणायचे आणि तो मान डोलवायचा. साफ करणारा दगडामागे गप्प बसला होता, आणि मी आत मोदकांची भांडी घासत होते.

विसर्जन झालं आणि ससा आकसायला लागला. टाकीत खायला काही उरलंच नव्हतं. काचेवरून वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. एका संध्याकाळी नवरा म्हणाला, "त्याचं काम झालं आता. दुकानदाराला परत देऊन टाकतो."

मला हिशेब स्वच्छ दिसत होता. ससा गेला की शेवाळ परत येणार, मग टाकी जाणार, मग खिडकी माझी. तोंडातून फक्त "द्या" एवढंच काढायचं होतं.

"काम झालं म्हणून?" मी एकदम चढ्या आवाजात म्हणाले. "तुमचं घर घासून दिलं त्याने. आता खायला घालायची वेळ आली तर चालता हो म्हणायचं?"

"अगं, मी गोगलगायीबद्दल बोलतोय."

"मीपण तिच्याबद्दलच बोलतेय!" मी म्हटलं, आणि माझे डोळे भरून आले. का, ते त्याने विचारलं नाही. मलाही विचारलेलं नकोच होतं.

पालक देऊन पाहिला, कोथिंबीर दिली, कोबीचं कोवळं पान दिलं. ससा ढुंकून बघेना. शेवटी डबा घेऊन मी बसने पाचूबंदर गाठलं. धक्क्याच्या पायऱ्यांवर हिरवंगार शेवाळ होतं. मी वाकून खरवडायला लागले, तशी शेजारी मासळी निवडत बसलेली कोळीण हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत राहिली.

"अगो बाय, लोकां मावरा न्यायाला येतान, आन तू शेवाल न्यायाला आयलीस? खातंय कोन?"

"घरी पाहुणा आहे."

"त्याला बोंबील घाल की! शेवाल काय घालतेस?" असं म्हणत तिने वरच्या पायरीवरचं, कमी चिखलाचं शेवाळ मला दाखवलं.

ससा ते अधाशासारखा खात होता. मी टाकीपुढून उठले तेव्हा स्वयंपाकघरात कुकरचा वास करपट झाला होता. पुढे दर रविवारी आम्ही जोडीनेच जायला लागलो. नवऱ्याच्या पायापाशी पाण्याचे कॅन, माझ्या मांडीवर शेवाळाचा डबा. लग्नानंतर इतकं नेमाने तो मला समुद्रावर कधी घेऊन गेला नव्हता.

उन्हाळ्यात सशाने काचेवर शेवयांच्या गुंत्यासारखी पिवळट अंडी घातली. त्यातून काही निपजलं नाही, आणि थोड्याच दिवसांत ससाही गेला. त्याचं आयुष्यच जेमतेम वर्षभराचं असतं, असं दुकानदार म्हणाला. मला फार वाईट वाटलं. नवरा जेवलाच नाही. मग मापाची टेप घेऊन तो खिडकीपाशी गेला, भिंतीची रुंदी घेतली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "टाकी काढून टाकतो. आण तुझं मशीन इथं."

"बघू," मी म्हटलं.

बघू बघू म्हणता दगडांवर पुन्हा हिरवी लव धरली. एका सकाळी नवरा सवयीने टूथब्रश घेऊन टाकीपाशी आला, तो मी त्याच्या हातातून काढून घेतला.

"अहो, राहू द्या ते. नवीन येईल त्याला आल्याआल्या काहीतरी खायला नको?"

मग बेडरूममध्ये जाऊन मी ट्यूब लावली आणि मच्छरदाणीचा उरलेला तुकडा शोधून काढला. जुन्या टोपड्याचं इलॅस्टिक सैल झालं होतं.