काकांच्या नकाशातली भिंत

सिविल लाइंसमधल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात हाताने नकाशे काढणारे एक काका होते. मी नवा असताना माझी रेघ बघून ते सगळ्यांसमोर विचारायचे, "भैया, ही हाताने काढली का पायाने?" सगळे हसायचे. मी ते विसरलो नव्हतो.

मागच्या वर्षी त्यांनीच काढलेला एका बंगल्याचा जुना नकाशा कॉम्प्युटरवर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी तो स्कॅन केला, ड्रॉइंगमध्ये आणला आणि नकाशात समोरच्या भिंतीवर लिहिलेली लांबी धरून त्याचं माप जुळवलं. त्याच्यावर नव्या रेघा मारायच्या, तर तो आधी फिकट करावा लागतो. काका मागे येऊन उभे राहिले.

"काहून पुसून राहिला रे?"

"पुसत नाही, फिकट करून राहिलो."

थोडा केला असता तरी भागलं असतं. मी तो जवळजवळ दिसेनासा केला.

बाजूची भिंत मात्र कॉम्प्युटरवर लिहिलेल्या मापापेक्षा सहा इंच जास्त भरली. स्कॅनर कागद ओढतो तेव्हा चित्र एका बाजूने ताणलं जातं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, "काका, तुमची भिंत चुकली."

दोन दिवस ते मूळ कागदावर पट्टी लावून बसले. दर वेळी माप बरोबरच यायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नोकरीभर वापरलेली ती पट्टी कचऱ्यात टाकली आणि नवी विकत आणली.