घर चुकलेलं टिंब

पेंटरचा हात थरथरायला लागला तेव्हा गल्लीतल्या लोकांना वाटलं, संपलं आता, हा माणूस ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला न्याहाळणार. पण दुकानांच्या पाट्या रंगवण्यात ज्याची उभी हयात गेली, त्याला बस म्हणणं म्हणजे वाऱ्याला जरा टेक म्हणण्यासारखं. लेकीने कॉम्प्युटर आणून दिला. आणि गंमत बघा, ब्रश धरला की लटपटणारा तोच हात माऊसवर टेकला की शहाण्या मुलासारखा गप्प बसायचा. होता होता पेंटर पडद्यावर अक्षरं काढायला लागला. वेलांटी तशीच ऐटबाज, उकार तसाच भरल्या पोटाचा.

आता पेंटरची एक जुनी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तरुणपणी त्याने एका भांडीवाल्याची पाटी रंगवली. लिहायचं होतं, ‘भांडी भाड्याने मिळतील’. आधी सगळी अक्षरं काढायची आणि टिंबं शेवटी द्यायची, ही त्याची पद्धत. शिडीवर उभा, टिंब द्यायला ब्रश उचलला, तेवढ्यात खालून कोणीतरी हाक मारली. नजर हलली आणि टिंब पुढच्या शब्दावर जाऊन बसलं. पाटी झाली, ‘भाडी भांड्याने मिळतील’. टवाळ मंडळी दिवसभर रिकामी पातेली घेऊन दुकानात यायची आणि म्हणायची, घरमालक दारात बसलाय, यात भाडं भरून द्या. दुसऱ्या दिवशी पेंटर पाटी सुधारायला गेला, तर शिडी धरायला भांडीवाल्याची मुलगी. हसून हसून तिला शिडी काही धरवेना. तीच पुढे पेंटरीणबाई झाली. तेव्हापासून घरात काहीही हरवलं, चुकलं, सांडलं की ती एवढंच म्हणते, “टिंब घर चुकलं.”

तर कॉम्प्युटर. त्याच्या डब्यामागचं वायरींचं जंजाळ पेंटरला काही उमगेना. मग त्याने आपल्या धंद्यातला उपाय केला. प्रत्येक वायरीला आणि तिच्या खाचेला एकाच रंगाचं टिंब दिलं. पिवळ्यात पिवळी, निळ्यात निळी आणि पडद्याची वायर लालात लाल. पेंटरीणबाई म्हणाली, आता मी डोळे मिटूनही लावीन. डोळे मिटल्यावर रंग कसे दिसतील, असं पेंटरने विचारलं, तर त्याला त्या दिवशी चहा उशिरा मिळाला.

गल्लीच्या तोंडाशी एक बाई बेकरी उघडत होत्या. पेंटरच्या हातच्या पाट्या एकेक करून उतरल्या होत्या आणि त्यांच्या जागी छापील प्लास्टिक लटकत होतं. तरी बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, अक्षर तुमचंच हवं. अट एकच, ज्या सकाळी भट्टी पेटेल, तेव्हा पाटी वर दिसली पाहिजे. अक्षरं कापून देणाऱ्या कारखान्यात आदल्या दिवशी दुपारच्या आत पाटीचा नक्षा पोचला नाही, तर त्या तिथलीच तयार अक्षरं लावून मोकळ्या होणार होत्या. त्यांचाही नाइलाज होता. आपलं अक्षर गल्लीत पुन्हा एकदा झळकावं, एवढीच पेंटरची इच्छा. नक्षा तयार होता, फक्त धाडायचा होता. त्या आदल्या दिवशी सकाळी अंघोळ करून, केस विंचरून तो मशीनपुढे बसला, बटण दाबलं, आणि पडद्यावर एक चौकट उगवली. सिग्नल नाही.

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. तिला फोन लावला. तिने वैद्यासारखी एकेक चौकशी केली. पडद्याचा दिवा लागलाय का? लुकलुकतोय. डब्याचा पंखा फिरतोय? फिरतोय. सुरू होताना टिंग वाजलं? वाजलं.

“मग मशीन ठणठणीत आहे, बाबा. ते बोलतंय, पण पडद्याला ऐकू जात नाहीये.”

पेंटरने बायकोकडे तिरकं पाहिलं. “घरोघरी मातीच्या चुली.”

लेकीने पडद्याखालचं बटण दाबून दुसरा मार्ग निवडायला लावला. चौकट इकडून तिकडे सरकली, पण हटली नाही. वायर दोन्हीकडून काढून घट्ट बसवून झाली. कपाटातली दुसरी वायर लावून झाली. मोठाली अक्षरं पडद्यावर अडखळत म्हणून गेल्या सुट्टीत लेकीनेच मशीनमध्ये नवं ग्राफिक्स कार्ड घातलं होतं. वायर त्या कार्डालाच आहे ना, हेही तिने विचारलं. पेंटर छातीठोकपणे म्हणाला, जिथली तिथे आहे, लालात लाल. वायर तिने स्वतःच जोडून, चालवून बघितली होती, तेव्हा तिचाही विश्वास बसला. घड्याळ मात्र कोणासाठी थांबत नव्हतं. पेंटर फोन खाली ठेवून नुसता त्या चौकटीकडे बघत बसला.

पेंटरीणबाईला ते बघवेना. पुन्हा वाकून पार खालपर्यंत बघायला दोघांच्याही कमरा राजी नव्हत्या, म्हणून तिने विंचरायचा छोटा आरसा डब्यामागे धरला आणि टॉर्च मारला. लाल टिंबाची खाच वर दिसली, वायर तिच्यात घट्ट. पण पार खाली, आडवी, तशीच आणखी एक खाच होती. कोरी करकरीत, रंगाचा थेंबही नाही.

“ही आपली नाही,” पेंटर म्हणाला. “हिला रंग नाही.”

पेंटरीणबाईने आरसा खाली ठेवला. ती हळूच म्हणाली, “अहो, परवा मी सगळ्या वायरी काढून डबा पुसला ना, तेव्हा ही वायर खालच्या खाचेत होती. मला वाटलं, पोरगी घाईत चुकली. मी टिंब बघून वर लावली.”

लेकीला पुन्हा फोन लावून हे सांगितलं. मग तिच्या हसण्याचा आवाज आला. कार्ड तिने घातलं, वायर तिने वरून खाली कार्डाच्या खाचेत हलवली, पण पेंटरची लेक असून टिंब हलवायला विसरली होती. नवं कार्ड आलं की जुनी खाच तोंड मिटून बसते. घरात सून आली, सासूने किल्ल्या तिच्या हाती दिल्या आणि बाहेरचा माणूस अजून सासूलाच हाका मारतोय, तसा सगळा प्रकार.

“तुमचं टिंब पुन्हा घर चुकलं,” पेंटरीणबाई म्हणाली.

“मागच्या वेळी चुकलं तेव्हा तू मिळालीस,” पेंटर म्हणाला. “म्हणून मी टिंबाला कधी रागवत नाही.”

मशीन बंद केलं, वायर खाली लावली, पुन्हा सुरू केलं. टिंग वाजलं आणि पडदा उजळला. पेंटरने आधी नक्षा धाडला, कारखान्यातून पोचल्याचा निरोप आला, आणि मगच त्याने चहा मागितला. चहा लगेच मिळाला. मग ब्लेडने वरचं लाल टिंब खरवडून काढलं. खालचं द्यायला ब्रश घेतला तर हात लटपटू लागला, तेव्हा पेंटरीणबाईने मनगट धरलं. टिंब जरासं फेंगडं झालं, पण बरोबर घरी पडलं.

दुसऱ्या दिवशी भट्टीचा वास गल्लीभर पसरला होता. दोघं पाटीखाली उभी राहिली. ‘खमंग पाव, खुसखुशीत बिस्किटं’. पेंटरीणबाईने डोळ्यांवर हात धरून ती दोनदा वाचली.

“दोन्ही टिंबं घरी आहेत,” ती म्हणाली. “चला, पाव घेऊ.”