ठेकेदाराच्या गाडीतली दक्षता

चाकणच्या आमच्या कंपनीने मला दक्षता अधिकारी केलं. कंपनीतली लाचलुचपत मी शोधायची. पगार तोच, स्टोअरचं काम तेच. वर एक तक्रारपेटी आणि दारावर पाटी. बायको म्हणाली, "अहो, समोरचं दूध उतू गेलेलं दिसत नाही तुम्हाला. तुम्ही आणि दक्षता?"

मी एक माणूस आणि एक गाडी मागितली. साहेब म्हणाले, "राव, प्रामाणिकपणाला बजेट कशाला लागतं?" मी हसलो. साहेबांच्या विनोदाला मी आधी हसतो, चीड मागाहून येते. तोवर मीटिंग संपलेली असते.

पेटीत कँटीनच्या पोह्यांबद्दल चिठ्ठ्या यायच्या, नाहीतर गुटख्याच्या रिकाम्या पुड्या. मग एक खरी आली, खाली फोन नंबर. निघोज्याच्या वजनकाट्यावरचा माणूस होता. आमचं भंगार उचलणारा ठेकेदार त्याला वजन कमी लिहायला लावत होता.

"सायेब, खऱ्या वजनाच्या पावत्या जपून ठेवल्यात," तो फोनवर म्हणाला. "या, देतो. पण कुणाला कळू देऊ नका. नोकरी जाईल माझी."

माझी स्कूटर गॅरेजात होती. रिक्षाने गेलो असतो, पण अधिकारी ना मी! साहेबांच्या मागे लागलो. त्यांनी वैतागून फोन फिरवला आणि दहा मिनिटांत पांढरी जीप दारात. मी ऐटीत पुढे बसलो, बायकोला फोनसुद्धा केला, "मिळाली बरं का गाडी!"

काट्यावर उतरलो. तो माणूस हसत बाहेर आला आणि जीप बघून जागीच थांबला. ड्रायव्हरने आतूनच हाक मारली, "काय भावा, या साहेबांचं तुझ्याकडं काय काम?"

मी मागे जाऊन पाहिलं. काचेवर ठळक लाल अक्षरांत त्याच भंगारवाल्या ठेकेदाराचं नाव. कंपनीला गाड्या पुरवायचा ठेकाही त्याचाच होता.

"अहो, ही गाडी कंपनीने..." मी पुटपुटलो.

"व्हय, कळलं," तो म्हणाला. "माझी काय तक्रार न्हाई, सायेब. कुणीतरी चेष्टा केली आसंल."

आठवड्याने स्कूटरवरून गेलो, तर काट्यावर दुसराच माणूस. आधीचा कुठे गेला विचारलं, तर म्हणाला, "त्याला काढला."

परत येऊन कंपनीच्या स्वतःच्या गाडीसाठी नवा अर्ज लिहिला. साहेबांनी वर बघायचेही कष्ट घेतले नाहीत.

"मागे दिली होती की! काय उजेड पाडलात?"

या वेळी मी हसलो नाही. अर्ज मात्र घडी करून खिशात घातला.