तिने लिहून दिलेला जबाब

माझी मुलगी पानिपतच्या बाजूच्या खेड्यांत पार्सलची व्हॅन चालवते. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी दिल्लीत माझ्या ऑफिसात तिचा फोन आला.

"आई, मी ठीक आहे. एक आजोबा सायकलवरून पडले, डोक्याला लागलंय. त्यांना व्हॅनमधून हॉस्पिटलात आणलंय. लोक म्हणतायत, मीच उडवलं."

लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरवर न जाता मी तशीच टॅक्सी करून निघाले. पोचले तर हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पंधरावीस माणसं तिच्याभोवती. "ये डिलिव्हरीवाले ऐसे ही भगाते हैं," एकजण ओरडत होता.

"चाचा, गन्ने की ट्रॉली ने मारा," ती म्हणाली. "ट्रॉली रुकी नहीं. मैं रुकी."

तिच्या कंपनीचा मॅनेजरही आला होता. त्याने माझ्यापुढे टाइप केलेला कागद धरला. 'माझ्या चुकीमुळे अपघात झाला,' असा तिच्या नावाने मजकूर. "मॅडम, साइन करवा दीजिए. बात यहीं खत्म."

खरं सांगते, मला ते पटलं. इतकी वर्षं सरकारी नोकरीत काढली. प्रकरण वाढू नये, एवढंच शिकले. "करून टाक सही," मी तिला म्हणाले. "घरी चल."

"आई, मी धडक दिलेलीच नाही. मग तसं लिहून कसं देऊ?"

आवाज जराही चढला नव्हता. तिने कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिंदीत लिहायला बसली: उसाची ट्रॉली कुठून आली, सायकल कुठे पडली, आपली व्हॅन किती मागे होती. खाली सही केली आणि तो कागद तिने मॅनेजरला नाही, तर तिथे आलेल्या पोलिसाला दिला. गर्दी अजून पांगली नव्हती. पण त्या क्षणी माझी मान ताठ झाली.

चार दिवस कंपनीने तिला घरी बसवून ठेवलं. पाचव्या दिवशी आजोबा नीट बोलू लागले. पोलिसांना म्हणाले, "ट्रॉली थी. छोरी ने तो मुझे उठाया."

मॅनेजरचा फोन आला, उद्यापासून ये.

"आधी लेखी द्या," ती म्हणाली.

पत्र आलं. 'ड्रायव्हरची चूक बहुधा नसावी,' असं त्यात होतं. तिने 'बहुधा' आणि 'नसावी'खाली रेघ मारून ते परत पाठवलं. दुसरं पत्र आलं, त्यात 'चूक नाही' असं स्वच्छ लिहिलं होतं. मग ती कामावर गेली.