मूकपटातल्या सैनिकांसाठी ढोल

आमच्या गिरीज गावच्या बँडमध्ये मी ढोल वाजवतो. नोकरीतून निवृत्त झालो, ढोलातून नाही. बँडचा एकच नियम आहे: पुढे चालणाऱ्यांच्या पावलांवर ठेका धरायचा. पुढे नवरदेव असो की शवपेटी, वेग त्यांचा, आपला नाही.

गेल्या वर्षी माणिकपूरच्या एका सभागृहात जुने मूकपट दाखवायचे ठरले आणि सोबत वाजवायला आम्हाला बोलावलं. माझी पुतणी सिनेमाचं शिकते, फिती तिनेच जमवल्या होत्या. त्यांतली एक अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय सैनिकांची, शंभरेक वर्षांपूर्वीची. खांद्यावर बंदुका, पाठीवर बोजे, लांबच लांब रांगा. तालमीला आम्ही सवयीने त्यांच्या पावलांवर ठेका धरला आणि बघता बघता वरातीचं गाणं सुरू झालं. सैनिक पडद्यावर तुरुतुरु पळत होते. तालीम बघायला आलेली मंडळी पोट धरून हसायला लागली.

मी हात थांबवला. शाळेत मला 'काळ्या' म्हणत; तसलं हसणं मी लांबूनही ओळखतो. डोकंच फिरलं माझं.

"एवढं ओझं घेऊन असं कोण चालतं गं?" मी पुतणीला विचारलं.

"कोणीच नाही, काका. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, हळू. आताचं मशीन तेच फास्ट पळवतं. स्लो करता येईल."

"मग कर."

कार्यक्रमाचे कार्यवाह मध्ये पडले. "राहू द्या हो. लोकांना जरा हसायला मिळतंय. स्लो केलं तर पब्लिक उठून जाईल."

"मग तुमच्या वरातीला दुसरा बँड बघा," मी म्हणालो आणि ढोलाचा पट्टा गळ्यातून काढला. बाकीच्यांनीही वाद्यं खाली ठेवली. कार्यवाहांनी कपाळाला हात लावला, पण ऐकलं.

कार्यक्रमाच्या दिवशी ते सैनिक माणसांसारखे चालले. ठेका आपसूक सापडला, जड आणि सरळ. पुढच्या खुर्च्यांत कोणीतरी फिसकन हसलं, तेव्हा मी ढोल जरा जोरात हाणला. रांगेच्या कडेचा एक सैनिक चालता चालता मान वळवून कॅमेऱ्याकडे बघतो. पळत्या फितीत ते आम्हाला दिसलंच नव्हतं. तो सावकाश, नीट बघून घेतो आणि पुढे जातो. त्या वेळी कोणी हसलं असतं, तर मी भर कार्यक्रमात उठून जाणार होतो.

उठावं लागलं नाही.